थांबल्यानंतरचा शॉट

माझ्या एअर रायफलचं दुखणं तसं किरकोळ होतं. सलग मारत गेलं की सगळं सुरळीत. पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा खांद्याला लावली की पहिला शॉट वर. फार नाही, मिलिमीटरभर. पण दर वेळी वरच, डावीउजवीकडे नाही.

ज्यांनी दहा मीटरवर कधी नेम धरलेला नाही त्यांना मिलिमीटरचं हे रडगाणं ऐकून हसू येईल. पण हिशेब बघा. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. साडेचार मिलिमीटरच्या पेलेटची, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळीची, कड त्याला शिवली की दहा. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. त्याच्याही आत दर पाव मिलिमीटरला एक दशांश गुण, १०.० पासून १०.९ पर्यंत. पात्रता फेरीत हे दशांश धरायला २०१३ पासून सुरुवात झाली. त्याआधी दहा म्हणजे दहा. नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० मारले तेव्हा प्रत्येक शॉट त्या अडीच मिलिमीटरांत पडला की झालं, असा नियम होता. (हे ‘की झालं’ चाळीस वेळा ओळीने करून बघावं, मग बोलावं.) आता मिलिमीटरभर चूक म्हणजे ०.४ गुण गेले. साठ शॉट, पंचाहत्तर मिनिटं, आणि त्यात माणूस पाणी प्यायला, डोळे मिटायला, घाम पुसायला थांबणारच. मुंबईत तर थांबणारच.

रेंजवर कुणाला सांगावं तर आधी बोट आपल्याकडेच वळतं. कोच म्हणाले, “ब्रेकनंतर गालाचा दाब बदलतोय तुमचा. रायफलला काय झालंय?” त्यांचंही खरं. शंभरातल्या नव्वद तक्रारींत रायफलचा काही दोष नसतो. पण गाल चुकीचा टेकला तर शॉट थोडा बाजूलाही जातो, आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या प्रिंटआउटवर माझे ब्रेकनंतरचे शॉट सगळे एकाखाली एक, सरळ उभे.

उभी चूक म्हटलं की माझा पहिला संशय वेगावर जातो. पेलेट साधारण १७२ मीटर प्रति सेकंद वेगाने निघते, दहा मीटर कापायला तिला ०.०६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती जवळपास १८ मिलिमीटर खाली येते. नेम धरायची साइट आपण त्या हिशेबानेच लावलेली असते. वेग सेकंदाला एका मीटरने वाढला तर ती ०.२ मिलिमीटर कमी खाली येते. म्हणजे मिलिमीटरभर वर जायला वेगात पाचेक मीटरचा फरक पडायला हवा. हवेच्या रायफलमध्ये हा फरक येऊ शकतो तो मुख्यतः एकाच जागेवरून.

माझी नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनमधली. औषधांच्या कारखान्यात प्रेशर गेज तपासणं, कॅलिब्रेट करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे ही रायफल घेतली तेव्हाच तिच्या आतल्या रेग्युलेटरबद्दल मला कुतूहल होतं. रायफल जर्मन, वापरलेली, वरळीच्या रेंजवरच्या एका जुन्या नेमबाजाकडून घेतलेली. परवान्याचा प्रश्न नाही. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेली एअर रायफल परवान्यात येत नाही. माझी जेमतेम ८ ज्यूलची. तरी लोकलमध्ये केस घेऊन चढलं की कुणीतरी विचारतंच. मी ‘स्पोर्ट्सचं सामान’ म्हणून मोकळी होते. एकदा एका आजींनी “सतार शिकतेस का गं?” विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं होतं.

आता रेग्युलेटर. सिलिंडरमध्ये भरलेली हवा २०० बारची, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दोनशेपट दाबाची. प्रत्येक शॉटबरोबर हा दाब उतरत जातो. सरळ हीच हवा पेलेटमागे सोडली तर पहिल्या शॉटचा वेग वेगळा आणि शंभराव्याचा वेगळा. म्हणून मध्ये रेग्युलेटर. स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरवर असतो त्याच जातीचा. फक्त दाब प्रचंड आणि जागा अंगठ्याएवढी. सिलिंडरमध्ये २०० असो की १००, पुढच्या छोट्या चेंबरमध्ये तो ठरलेलाच दाब देतो. माझ्या रायफलला ७० बारच्या आसपास. आत एक पिस्टन, त्याच्यावर वाटीसारख्या वाकलेल्या पोलादी वॉशरांची चळत, आणि पिस्टनच्या टोकाशी एक सीट. चेंबर भरत आला की हवा पिस्टनला मागे रेटते, वॉशर दबतात, सीट हवा आत येण्याच्या तोंडावर बसते, हवा बंद. शॉट सुटला, दाब पडला, वॉशर पिस्टनला पुढे ढकलतात, तोंड उघडतं. बस्स, एवढंच. पण ती सीट नीट बसली नाही, केसाएवढी फट राहिली, तर हवा झिरपत राहते. सलग मारताना झिरपायला वेळच मिळत नाही. थांबलं की चेंबरचा दाब हळूहळू ७० चा ७२, ७४. पुढचा शॉट जास्त दाबाने. आमच्याकडे याला ‘रेग्युलेटर क्रीप होतोय’ म्हणतात.

संशय पक्का वाटला तरी रायफल उघडायची नाही, आधी मोजायचं. कारखान्यातली सवय. क्रोनोग्राफ माझ्याकडे होता, दोन सेन्सरचा, साधा. पेलेटची सावली पहिल्या सेन्सरवरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागतो ते मोजून वेग काढतो. दोन्हींतलं अंतर ३० सेंटिमीटर, म्हणजे पेलेट दोन मिलिसेकंदांच्या आतच पार. अशा यंत्राला घरातली ट्यूबलाइट चालत नाही. विजेचा पुरवठा ५० हर्ट्‌झचा, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. आपल्याला दिसत नाही, सेन्सरला दिसतं. मग कधी १७२, कधी ३९०, कधी नुसतं एरर. दिवसाउजेडी करावं तर जुलै महिना, आभाळ सदा भरलेलं. शेवटी बॅटरीवरचे दोन दिवे सेन्सरच्या वर, मध्ये ट्रेसिंग पेपर, आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद. आकडे शहाण्यासारखे यायला लागले.

आमच्या प्रभादेवीच्या घरात सरळ दहा मीटर कुठेच मिळत नाहीत. वेग मोजायला लागतही नाहीत. नळीच्या टोकापासून मीटरभरावर क्रोनो, त्यामागे लोखंडी पेलेट ट्रॅप, त्यामागे भिंत. दार आतून बंद, आणि घरातल्यांना ‘आत येऊ नका’ अशी सक्त ताकीद. ज्याला हे जमणार नाही त्याने हे काम रेंजवरच करावं. पेलेट शिशाच्या असतात, त्यामुळे नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हेही घरात सगळ्यांना पाठ झालंय.

पेलेटच्या वजनातला फरक मोजणीत घुसू नये म्हणून एका डबीतल्या पेलेट वजन करून निवडल्या. ०.५३ ग्रॅमच्या पेलेट, सोनाराकडे असतो तसला मिलिग्रॅमपर्यंतचा काटा. चांगल्या मॅच पेलेटमध्ये वजन काढायची खरं तर गरज नसते. पण इथे मला रेग्युलेटरला कसलीही सबब ठेवायची नव्हती.

सलग मारलेल्या शॉटमध्ये वेग १७१ ते १७३. उत्तमच म्हणायचा. मग पाच मिनिटं थांबून एक: १७५. दहा मिनिटांनी: १७६. रात्रभर तशीच ठेवून सकाळी पहिला: १८१. दुसरा लगेच १७२. एवढं स्पष्ट चित्र फार क्वचित मिळतं. नुसते सलग शॉटचे आकडे बघणाऱ्याला वाटलं असतं की रायफल छान आहे. कारण बहुतेक जण क्रोनोवर दहा शॉट धडाधड मारतात, कमाल-किमान फरक बघतात आणि खूश होतात. सामना तसा नसतो. सामन्यात दोन शॉटमध्ये कधी तीस सेकंद जातात, कधी चार मिनिटं. थांबून-थांबून मारलेल्या शॉटचा वेग बघितला नसेल तर त्या चाचणीला माझ्या लेखी काही किंमत नाही.

कोचना कागद दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “गाल सुटला म्हणायचा तुमचा.” रायफल उघडायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतला.

उघडण्याआधीची एक गोष्ट ठासून सांगते, कारण यात बोटं जाऊ शकतात, डोळा जाऊ शकतो. सिलिंडर काढायचा. मग रिकामी रायफल कॉक करून, टार्गेटच्या दिशेने, शॉट सोडत राहायचं, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत. चेंबरमधला दाब असा रिकामा झाल्यावरच पाना लावायचा. स्क्रू जड जातोय म्हणजे आत हवा आहे असं समजायचं आणि हात मागे घ्यायचा. आणि आत कुठेही तेल नाही. शिलाई मशिनचं नाही, गाडीचं नाही, कसलंच नाही. उच्च दाबाच्या हवेत पेट्रोलियम तेल पेट घेऊ शकतं. ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीला, सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाच्या टोकाला चमक येईल इतकंच.

रेग्युलेटर मी एकटीने खोलला नाही. लोअर परळला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत काकांचा गाळा आहे. काका म्हणजे नात्याने कोणी नाहीत. आमच्या कारखान्याची बारीकसारीक टर्निंगची कामं पूर्वी त्यांच्याकडे जायची. तरुणपणी मिलमध्ये फिटर, १९८२ च्या संपानंतर लेथ. अजून त्यांच्या हाताला जे कळतं ते मला मायक्रोमीटरने कळतं. रायफल बघून आधी त्यांनी कपाळाला हात लावला. “ताई, हे असलं मी कधी उघडलं नाय.” म्हटलं, काका, पिस्टन आहे, स्प्रिंग आहे, सीट आहे. “मग उघडलंय,” म्हणाले.

वॉशरांची चळत बाहेर काढताना प्रत्येक वॉशर कोणत्या तोंडाने होता त्याचा फोटो काढत गेले. हे वॉशर एकमेकांकडे तोंड, एकमेकांकडे पाठ, असे आलटून पालटून लावलेले असतात. एक उलटा पडला तर दाब कुठल्या कुठे जातो. काकांनी ते एका तारेत ओवून ठेवले, त्याच क्रमाने. मग पिस्टनच्या टोकाची सीट डोळ्याला भिंग लावून बघितली आणि काही न बोलता भिंग माझ्याकडे दिलं.

पांढऱ्या प्लॅस्टिकची, मुगाच्या दाण्याएवढी चकती. तिच्यावर धातूच्या तोंडाचा गोल ठसा उमटलेला, तो असायचाच. पण ठशाच्या एका बाजूला, साधारण घड्याळातल्या चारच्या जागी, एक बारीक तपकिरी कण रुतलेला आणि त्याच्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत ओरखडा. भिंग हलवलं की ओरखडा चमकायचा. समोरच्या धातूच्या तोंडाभोवतीही तोच तपकिरी रंग, पुसला तर कापडावर येणारा. गंज. सिलिंडरच्या बाजूने आलेलं पाणी.

इथे हाताने मारायच्या पंपाचा विषय येतो. मुंबईच्या पावसाळी हवेत नव्वद टक्क्यांच्या घरात दमटपणा असतो. अशी हवा २०० बारला दाबली की तिच्यातली वाफ वाफ राहूच शकत नाही. तिचं पाणी होतं. पंपावरचा सापळा थोडं पकडतो, बाकीचं सिलिंडरमध्ये जातं, तिथून रेग्युलेटरमध्ये. रायफल देणाऱ्या काकांकडे (हे वेगळे काका) काही वर्षं पंपच होता. मी पहिल्यापासून रेंजवरच्या मोठ्या सिलिंडरवरून भरते, कोरड्या हवेने. तेही सावकाश, घाईने भरलं की हवा तापते, गेज २०० दाखवतं आणि घरी येईपर्यंत थंड होऊन १८५ वर येतं.

नवी सीट मागवली होती, पण यायला वेळ होता. तोवर काकांनी जुनीच सरळ केली. काचेचा तुकडा, त्यावर २००० नंबरचा पॉलिश पेपर, पाण्याचे दोन थेंब, आणि सीट एका पितळी बुशमध्ये बसवून इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने फिरवत राहिले. बुश का, तर हातात धरून घासली की ती एका बाजूला जास्त झिजते. धातूचं तोंड मात्र घासायला त्यांनी ठाम नकार दिला. “त्याची धार गेली तर तुमची रायफल गेली.” ते फक्त इयरबडने पुसून घेतलं.

ओ-रिंगसाठी नागदेवी स्ट्रीट. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या त्या गल्लीत सील, बेअरिंग, नटबोल्ट यांची दुकानं एकाला एक लागून आहेत, आणि दुकानदार वस्तू बघायच्या आधी प्रश्न विचारतो, “कितने शोअर का?” शोअर म्हणजे रबराचा कडकपणा. सत्तरवाली मऊ असते, जास्त दाबाला फटीत ओढली जाते. मला नव्वदवाली हवी होती. जुनी रिंग कॅलिपरवर मोजून त्याने पुडी बांधून दिली. पैसे चहापेक्षा कमी. पिस्टनवरच्या, ७० बारच्या बाजूच्या रिंगा मी तिथल्या घातल्या. २०० बारच्या बाजूचं सील मात्र उत्पादकाचंच लावलं. त्यात काटकसर करायची नाही.

जोडून झाल्यावर रायफलमध्ये न घालता रेग्युलेटर आधी टेस्ट ब्लॉकवर. काकांनीच तो बनवून दिला: एका टोकाला सिलिंडर, दुसऱ्या टोकाला माझं कॅलिब्रेट केलेलं गेज. दुरुस्तीआधीही यावर लावून बघितलं होतं. तेव्हा काटा ७० वर येऊन थांबल्यासारखा दिसायचा आणि वीस मिनिटांत ७४ वर असायचा, सकाळी त्याहून वर. आता ७० वर आला, पहिल्या मिनिटात एकभर सरकला आणि तिथेच बसला. एवढं सरकणं चालतं. सीटला तोंडावर बसायला तेवढी ताकद लागतेच. पुढे नवी सीट आली ती घातली, तेव्हा मात्र पहिले काही दिवस दाब थोडा बदलत राहिला. नवं प्लॅस्टिक दबून ठसा पक्का व्हायला वेळ घेतं. त्या काळात दाब ठरवणाऱ्या स्क्रूला हात लावायचा मोह होतो. रायफल भरून कोपऱ्यात उभी केली आणि दुसऱ्या कामाला लागले.

माझ्या मते यानंतरचं काम सगळ्यात सुंदर आहे, आणि लोक नेमकं तेच टाळतात. रेग्युलेटरने दाब दिला. पण चेंबरमधली हवा पेलेटमागे सोडणारा व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहणार ते हॅमर ठरवतो. ट्रिगर सुटला की हॅमर स्प्रिंगच्या जोरावर व्हॉल्व्हच्या दांड्यावर आदळतो आणि तेवढा क्षणभर हवा सुटते. म्हणजे वेग दोन गोष्टींवर: दाब आणि ठोका. पुष्कळ जणांना वेग वाढवायचा म्हटलं की स्प्रिंग आवळणं एवढंच माहीत असतं.

मी स्प्रिंग पूर्ण आवळली आणि तिथून पाव-पाव फेरा सोडत आले. प्रत्येक जागी काही शॉट, सरासरी वहीत. सुरुवातीला वेग हलतच नाही. १७७, १७७, पुन्हा १७७. ठोका इतका जोरात की व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त वेळ उघडा. पेलेट नळीबाहेर गेल्यावरही हवा सुटतेच आहे. आवाजावरून कळतं, फटकारा जास्त येतो. हवा फुकट, सिलिंडर लवकर रिकामा. मग एका ठिकाणी वेग उतरायला लागतो: १७६, १७४, १७२. आणि त्यापुढे घसरण तीव्र, १६५, १५६. वहीत आलेख काढला तर आधी पठार, मग उतार, आणि दोहोंच्या मध्ये एक गुडघा.

बसायचं त्या गुडघ्यावर. कारण असं: पठारावर दाब वाढला की वेग सरळ वाढतो, रेग्युलेटरची प्रत्येक खोड टार्गेटवर दिसते. उलट तीव्र उतारावर, म्हणजे ठोका कमजोर असताना, दाब वाढला की व्हॉल्व्ह उघडायलाच जड जातो आणि वेग कमी होतो. गुडघ्यावर या दोन ओढी एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. दाब बारभर इकडेतिकडे झाला तरी वेग जागचा फारसा हलत नाही. पठाराच्या साधारण ९७ टक्क्यांवर माझी रायफल बसली: १७२. तिथे स्प्रिंगचा स्क्रू तसाच ठेवला आणि नेलपॉलिशचा ठिपका लावला, कुणी फिरवला तर कळावा म्हणून.

आता थांबून मारलेला शॉट १७३. रात्रभर ठेवून सकाळी पहिला १७४. सलग शॉट दीड मीटरच्या फरकात. एका भरणीत आधीपेक्षा जास्त शॉट निघायला लागले, ते वरकड. सिलिंडर ८० बारच्या खाली गेला की मात्र रेग्युलेटरला मागून पुरेसा दाब मिळत नाही, वेग उतरू लागतो. त्यामुळे १०० वर आला की पुन्हा भरायचं, सामन्याआधी तर भरायचंच.

क्रोनोवरचे आकडे असे शहाण्यासारखे झाले की माणसाला वाटतं नेमही सुधारला. नळीला त्याची खबर नसते. रेंजवर रायफल क्लॅम्पमध्ये बांधून वेगवेगळ्या लॉटच्या पेलेटचे दहा-दहा शॉटचे ग्रुप काढले. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं. एकच भोक असतं तर साडेचार मिलिमीटर, सहाच्या आत आला तर चांगला. ज्या लॉटचा वेग सगळ्यात एकसारखा होता, त्याचा ग्रुप साडेसहाच्या पुढे, आडवा पसरलेला. दुसऱ्या एका लॉटचा वेग किंचित जास्त फिरत होता, आणि ग्रुप साडेपाच. पेलेटच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने बदलतो, आणि कुठल्या नळीला काय आवडेल ते नळीच सांगते. वरचा हिशेब लावला तरी हेच निघतं: दीड मीटरच्या फरकाने उभ्या दिशेला ०.३ मिलिमीटर. त्याच्या खाली वेग रगडत बसण्यात अर्थ नाही. तो वेळ पेलेट निवडण्यात घालवावा. क्रोनोचं व्यसन लागलेले लोक मी बघितलेत. वेगातला शून्य-सहाचा फरक शून्य-चारवर आणायला महिना घालवतात आणि पेलेट मिळेल त्या डबीतल्या मारतात.

साडेपाचवाल्या लॉटचा नंबर लिहून घेतला आणि विक्रेत्याकडे होत्या तेवढ्या डब्या उचलल्या. घरी त्या सिलिका जेलबरोबर बंद डब्यात आहेत. पावसाळ्यात शिशावर पांढुरकी बुरशीसारखी पूड धरते, ती नळीत नको.

मग पूर्ण सामना मारून बघितला, वेळ लावून, मुद्दाम मधे मधे बसून. उभी रेघ गेली होती. ब्रेकनंतरचे शॉट बाकीच्यांत मिसळून गेले, कुठला कुठला ते प्रिंटआउटवर खूण केल्याशिवाय ओळखता येईना. आडवा पसारा मात्र होता तसाच. कोचनी त्यावर पेन्सिल टेकवली, “हा रेग्युलेटर कुठला?” आणि खांद्याची प्लेट दोन खाचा खाली घ्यायला लावली.

काकांना पैसे विचारले तर म्हणाले, एकदा ते टार्गेट दाखवायला घेऊन चला. आले, मागे बाकावर बसून तासभर बघितलं, आणि निघताना त्यांचा प्रश्न एवढाच, की ही मुलं इतका वेळ न हलता उभी कशी राहतात.

सध्या माझ्या टेबलावर क्लबमधल्या एका मुलाची रायफल आहे. तिचं उलटं: थांबल्यावर पहिला शॉट खाली, पुढचे ठीक. हे दोन तऱ्हांनी होऊ शकतं. एक तर क्रीप आहेच, पण कुणीतरी स्प्रिंग सोडून ती उतारावर नेऊन ठेवली आहे, त्यामुळे वाढलेल्या दाबाला हॅमर कमी पडतो. नाहीतर रेग्युलेटर ठणठणीत असून व्हॉल्व्ह बसल्या जागी चिकटतोय. स्प्रिंग अर्धा फेरा आवळून बघितलं की कळेल. पहिला शॉट वर यायला लागला तर क्रीप, खालीच राहिला तर व्हॉल्व्ह. मुलाला फोन करून हवा कशाने भरतोस विचारलं. पंपाने, म्हणाला. म्हटलं, येताना पंपही घेऊन ये.